एकच नाव, दोन मालक: पर्यायी डोमेन व्यवस्थांनी ग्राहकाचा गोंधळ वाढवला आहे का?

पत्ताशोधक (चर्चाप्रस्ताव):
इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या अधिकृत मूळ यादीबाहेर डॉट क्रिप्टो, डॉट वॉलेट, डॉट ईथ अशी नावे विकली जातात. ‘एकदाच पैसे भरा, नूतनीकरण नाही’ अशा काहींच्या जाहिरातीला भुलून नाव घेणाऱ्याला, ते बहुतेकांच्या ब्राउझरमध्ये उघडतच नाही आणि त्यासाठी एक्स्टेंशन किंवा वेगळा ब्राउझर लागतो, हे बरेचदा पैसे भरल्यावर कळते. त्याहून गंभीर बाब अशी की दोन व्यवस्था एकच शेवट (नावातील डॉटनंतरचा भाग) विकू शकतात. डॉट कॉइन एमरकॉइन या दुसऱ्या पर्यायी व्यवस्थेकडे आधीपासून असल्यामुळे अशी नावे विकणाऱ्या अनस्टॉपेबल डोमेन्स या कंपनीला 2022 मध्ये आपली डॉट कॉइन नावे बंद करावी लागली. ज्यांनी ती घेतली होती, त्यांची नावे निकामी झाली. असली विक्री सरळ थांबवावी, असे माझे मत आहे.

खुला_मार्ग:
असहमत. गोंधळ ही पर्यायी व्यवस्थांची मक्तेदारी नाही. डॉट झिप हा संकुचित फाइलींच्या नावाचाही शेवट असतो; 2023 मध्ये गूगलने तो संकेतस्थळांसाठी खुला केला, तेव्हा फाइल कोणती आणि संकेतस्थळ कोणते, हा प्रश्न अधिकृत यादीनेच निर्माण केला. आयकॅनने 2000 साली अवघे सात नवे शेवट मंजूर केले आणि 2012 च्या फेरीत एका अर्जाचे शुल्क 1,85,000 डॉलर ठेवले. दार इतके अरुंद असल्यावर लोक बाजूने वाट काढणारच. शिवाय अधिकृत नावही आपल्या मालकीचे नसते, ते भाड्याचेच असते.

पत्ताशोधक:
डॉट झिपमधील नावे फसवी असू शकतात, पण त्यातील प्रत्येक नावाचा धारक एकच असतो आणि व्यापारचिन्हाचा वाद झाला तर 1999 पासूनची तंटानिवारण पद्धत उपलब्ध आहे. डॉट बिझ आठवावे: पर्यायी व्यवस्थेत ते आधीच चालू असताना 2001 मध्ये अधिकृत डॉट बिझ आले आणि तोच पत्ता, कोणत्या यादीला विचारले त्यानुसार, दोन ठिकाणी नेऊ लागला. तिथे फसलेल्या ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची? (‘ब्लॉकचेनच्या नोंदसाखळीवर सर्व नोंदलेले आहे’ हे उत्तर मी ऐकले आहे, नोंद असणे म्हणजे निवाडा होणे नव्हे.)

संथवाचक:
बंदीचा आग्रह मला पटत नाही, कारण खासगी यादी चालवण्यापासून कोणाला रोखणे तांत्रिकदृष्ट्या अशक्यप्राय आहे. मात्र खुला_मार्ग यांनी एका गोष्टीला बगल दिली. डीएनएसबाहेरच्या (इंटरनेटच्या अधिकृत नावव्यवस्थेबाहेरच्या) व्यवस्थांसाठी 2023 मध्ये डॉट अल्ट हा शेवट राखून ठेवण्यात आला, म्हणजे अधिकृत नावांशी टक्कर टाळण्याची जागा उपलब्ध आहे. तरीही विक्रेते डॉट कॉमसारखी दिसणारी नावेच विकतात, कारण त्या साम्यावरच विक्री अवलंबून आहे.

खुला_मार्ग:
विक्रीच्या पानावर ‘सर्व ब्राउझरमध्ये चालत नाही’ हे ठळकपणे लिहिणे बंधनकारक करावे, इतके मी मान्य करतो. पण डॉट अल्टमध्येही दोघांनी एकच नाव घेतले तर ते सोडवणारी कोणतीही नोंदणी तिथे नाही.