समोरचा खोटं बोलतोय हे कशावरून ओळखलंत? अनुभव सांगा

नजर चोरतो, सारखा नाकाला हात लावतो, असली लक्षणं आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कितीतरी प्रयोगांचे निकाल एकत्र केले तर लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्केच वेळा बरोबर निघाला, नुसता छापा-काटा केला तरी ५० येतात. तेव्हा ऐकीव नको, स्वतःचे अनुभव लिहा, शंका कुठे आली आणि पुढे काय निघालं.

*

मी विम्याच्या क्लेमची चौकशी करते. चेहऱ्यावर मी जातच नाही. आधी माणसाला मोकळेपणी सगळं सांगू द्यायचं, मधे तोडायचं नाही, मग म्हणायचं आता शेवटापासून मागे मागे या. खरं घडलेलं असेल तर माणूस अडखळतो, "नाही थांबा, फोन आधी आला, मग मी खाली गेलो" असं स्वतःच दुरुस्त करतो आणि बोलता बोलता नवीन काहीतरी आठवतं त्याला. रचलेलं असेल तर बरेचदा तीच वाक्यं परत येतात, पाठ केल्यासारखी. अर्थात एवढ्यावरून मी कुणाला खोटं ठरवत नाही, कुठले कागद मागवायचे ते फक्त कळतं.

*

+१, कागदच बघावेत. आमचा पार्टनर पेमेंट केलं म्हणून इतकं रंगवून सांगायचा, बँकेत गर्दी किती, सर्व्हर कसा डाऊन, पण ट्रान्झॅक्शन नंबर मागितला की "बघून सांगतो". तपशील ढीगभर आणि पडताळता येईल असा एकही नाही. शेवटी मी थेट सप्लायरला फोन लावला, दमडी पोचली नव्हती.

*

मी उलट बाजू लिहिते. माझी भाची घाबरली की खाली बघते, बोटं मोडत बसते, आवाज फुटत नाही. वर्गात कुणाचं तरी घड्याळ हरवलं आणि हिच्या तोंडावरच दिसतंय म्हणून आळ हिच्यावर आला, नंतर ते घड्याळ जिचं होतं तिच्याच दप्तरात सापडलं. पोरीने केवढा धसका घेतला होता! एरवी ती कशी वागते हे माहीत नसताना, प्लीज, लहान मुलांचे तरी चेहरे वाचू नका.

*

साध्या प्रश्नावर उत्तराऐवजी राग आला की मी सावध होते. "काल कुठे होतास" विचारलं की "तुझा माझ्यावर विश्वासच नाही", मग भांडण विश्वासावर जातं आणि काल कुठे होता ते राहूनच जातं. खरं बोलणाराही चिडतो, पण चिडून का होईना उत्तर देतो. आता मी वाद घालत नाही, तोच प्रश्न शांतपणे परत विचारते.