सल्ला हवा: आईच्या खोलीला मॉरिसचा कोणता वॉलपेपर?

जाईजुई
लंडनमध्ये वॉल्थमस्टोला आम्ही 1890च्या सुमाराचं टेरेस घर, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं घर, घेतलंय. ऑक्टोबरात आई भंडाऱ्याहून येतेय. तिच्या खोलीतल्या एका भिंतीला मॉरिस अँड कंपनीचा कागद लावायचा आहे. भिंत 3.2 मीटर रुंद, 2.6 मीटर उंच. खिडकी उत्तरेला, ऊन अजिबात नाही. मला त्यांचा 'स्ट्रॉबेरी थीफ' हा नमुना फार आवडलाय. नवरा म्हणतो, तो उशांवर, मगांवर सगळीकडे दिसतो, लवकरच विटशील. खरंच वीट येतो का?

निळाई
आमच्या बैठकीत त्यांचाच 'विलो बाऊ' लावून अकरा वर्षं झाली, मला नाही आला. कंपनीचा संस्थापक, नक्षीकार विल्यम मॉरिसने 1887 मध्ये तो केला, नदीकाठच्या वाळुंजाची पानं नीट न्याहाळून. फांद्या एकमेकींच्या खालून-वरून अशा वळवल्यात की नक्षी कुठे संपून पुन्हा सुरू होते ते चटकन सापडत नाही. साध्या नक्षीत तो सांधा आठवड्याभरात दिसतो आणि मग तेवढाच दिसत राहतो. उत्तरेच्या खोलीला हाच घ्या. 'स्ट्रॉबेरी थीफ'ची गडद निळी पार्श्वभूमी तिथे काळपट वाटेल.

रंगारी
निळाईताईंशी सहमत, पण 'स्ट्रॉबेरी थीफ' सोडू नका, पडदे त्याचे करा. मुळात ते कापडच आहे, 1883 चं. मॉरिसच्या केल्म्सकॉटच्या घराच्या बागेत जाळीखालून शिरून स्ट्रॉबेरी पळवणारे थ्रश पक्षी आहेत ते. त्याच्या मर्टन ॲबीच्या कारखान्यात आधी सगळं कापड निळीत बुडवायचे, मग ठशांनी रंग काढणारं द्रव्य लावून नक्षीपुरती नीळ उडवायची आणि त्या जागी लाल-पिवळा भरायचा. एका तुकड्याला कित्येक दिवस लागत, म्हणून ते तेव्हाही महागच होतं.

आई भंडाऱ्याच्या, म्हणून आणखी एक सांगतो. मॉरिस नैसर्गिक रंग शिकला इंग्लंडमधल्या लीक गावी कापड रंगवणाऱ्या थॉमस वॉर्डल यांच्याकडे. आपल्या टसर रेशमावर, म्हणजे भंडाऱ्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्यावर, रंग नीट बसत नसे. त्यावर वॉर्डल यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1878च्या पॅरिस प्रदर्शनात ते टसर मांडलं. आईंना हे जरूर सांगा.

भिंतकाम
मी हेच काम करतो, म्हणून हिशेब देतो. रोल 52 सेंटिमीटर रुंद, 10 मीटर लांब. तुम्हाला सात पट्ट्या लागतील, नक्षी जुळवताना जाणारा कागद धरून एका रोलमध्ये तीन निघतात. म्हणजे तीन रोल. सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. दोन बॅचच्या रंगातला फरक भिंतीवर उठून दिसतो.

महत्त्वाचं: इतक्या जुन्या घरात खालचे थर कोरडे घासू नका. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच हिरव्या रंगांत विषारी आर्सेनिक असे, मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदांतही होतं. रंगात शिसंही असू शकतं. आधी तपासून घ्या, मगच हात लावा.

जाईजुई
खूप आभार! आता एकच प्रश्न. हीच नक्षी ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतेय. फसवणूक आहे का?

निळाई
फसवणूक नाही. मॉरिस 1896 मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या नक्षी कुणीही छापू शकतं. पण मूळ कंपनी 1940 मध्ये बंद पडल्यावर तिचे वॉलपेपरचे ठसे सँडरसन या वॉलपेपर कंपनीकडे गेले, आणि आज ते नाव त्याच समूहाकडे आहे. मी दोन्हींचे नमुने मागवून भिंतीला चिकटवले होते. स्वस्त कागदावर पानांच्या शिरा पुसट होत्या. तुम्हीही दोन्ही मागवा आणि सकाळी-संध्याकाळी पाहा. त्याआधी लॉइड पार्कमधल्या विल्यम मॉरिस गॅलरीत जाऊन या, प्रवेश मोफत आहे. मॉरिस किशोरवयात त्याच घरात राहायचा.

जाईजुई
गॅलरी तर घरापासून चालत आहे! रविवारी जातो. भिंतीला 'विलो बाऊ', पडदे 'स्ट्रॉबेरी थीफ' ठरलं. आईला फोनवर कोशाचं सांगितलं, ती तिची लग्नातली कोशाची साडी घेऊन येतेय. रंगारीदादा, पडद्यांना अस्तर साधं सुती चालेल ना?