‘प्रार्थना कर’ म्हणजे ‘मला वेळ नाही’ का?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

परवा उपासना सुटल्यावर मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका जबाबदार बंधूंना धीर करून सांगितलं, "हल्ली फार एकटं वाटतं." त्यांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "प्रार्थना वाढव. प्रभूहून जवळचा मित्र कोण आहे?" आणि निघाले. सगळं मिळून अर्धं मिनिट.

वाक्य खोटं नाही. राग आला तो ते कशासाठी वापरलं गेलं याचा. विषय मिटवायला.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती. त्याच्या पहिल्या अध्यायात एकेक गोष्ट निर्माण होते तसं ‘चांगले आहे’ असं पुन्हा पुन्हा येतं. पहिल्यांदा ‘बरे नाही’ कुठे येतं? दुसऱ्या अध्यायात, आदामाच्या एकटेपणापाशी (२:१८). अजून पाप शिरलेलं नाही, देव स्वतः त्याच्याजवळ आहे, आणि तरी देवच म्हणतो, मनुष्य एकटा असावा हे बरं नाही. मग एकटं वाटणं ही विश्वासातली उणीव कशी? माझं म्हणणं एवढंच: माणसांनी करायचं काम मंडळीने देवावर ढकलू नये.

पहाटेची घंटा

असहमत. आणि जरा लांब लिहिणार आहे.

माझे यजमान गेले त्याला आता चार वर्षं होतील. पहिला महिना घर माणसांनी भरलेलं होतं, मंडळीने काही कमी केलं नाही. पुढे ज्याचा त्याचा संसार. कोणाला दोष देत नाही. पण रात्री तीन वाजता कोणालाही फोन करता येत नाही. ‘कधीही कर गं’ म्हणणाऱ्यांनी तो कधी केलेला नसतो. त्या वेळी मी स्तोत्रसंहिता उघडून बसायची. सत्ताविसावं स्तोत्र, आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर जवळ करील, हे वचन मला पाठ होतं लहानपणापासून. कळलं तेव्हा.

गेथशेमाने आठवा, प्रभू पकडला गेला त्या रात्रीची बाग. पेत्र, याकोब, योहान, म्हणजे बारा शिष्यांतले सर्वांत जवळचे तिघे. झोपले. प्रभूने तीनदा येऊन पाहिलं, तीनदा झोपलेले. वाईट नव्हते ते, थकलेले होते. मित्र असाच असतो. माणसाकडे देवाचं काम मागितलं की माणूसही दुरावतो आणि देवही दिसेनासा होतो.

तुमच्या त्या बंधूंना अर्धाच मिनिट असेल. पण त्यांनी पत्ता बरोबर दिला.

शेवटचा बाक

ताई, तुमच्या दुःखापुढे वाद घालायचा नाही. पण गेथशेमानेबद्दल बोलतो. प्रभूने ‘माझ्याबरोबर जागे राहा’ हे त्या तिघांना आधी सांगितलं, आणि थोडं पुढे जाऊन पालथं पडून प्रार्थना मग केली (मत्तय २६). ज्याला पिता पुरेसा होता त्यानेसुद्धा सोबत मागितली. झोपतील हे त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणाल का? तरी मागितली.

भाकर आणि पाणी

धागाकर्त्याशी सहमत. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो (१ राजे १९). देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा ठेवतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो. आमच्याकडे असा कोणी झुडुपाखाली सापडला तर आधी उपास-प्रार्थना ठेवतील!

स्पष्ट बोलतो

तोच अध्याय जरा वरून वाचा. तिसरं वचन. एलीया स्वतःच आपल्या सेवकाला बैर-शेब्यात ठेवून एकटा रानात गेला. पुढे होरेब डोंगरावर जाऊन तक्रार काय? ‘मीच एकटा उरलो आहे.’ अहो, सोबतीला माणूस होता, तो तुम्हीच मागे ठेवलात! देव त्याला सांगतो, इस्राएलात सात हजार आहेत. आणि अलीशाकडे पाठवतो, जो पुढे त्याचा सोबती झाला.

धागाकर्त्याने आपलं टोपणनावही बघावं. शेवटच्या बाकावर बसायचं, आशीर्वचन झालं की सटकायचं, आणि मंडळी विचारत नाही म्हणायचं. तुम्ही वर्षभरात कोणाच्या घरी गेलात?

शेवटचा बाक

लागलं. हो, सटकतो. कारण उपासनेनंतर घोळके आधीच ठरलेले असतात आणि त्यांच्या कडेला हसत उभं राहणं हे बाकावर बसण्यापेक्षा जास्त एकटं असतं. कोणाच्या घरी गेलो? दोनदा. दोन्ही वेळा कामासाठी.

कोपऱ्यातला दिवा

एक गोष्ट मध्येच सांगते, मग तुमचं चालू द्या. एकटेपणा आणि नैराश्य यांची सरमिसळ करू नका. झोप उडाली, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना करतच जा. मी गेले, औषधही घेतलं, आणि माझा विश्वास कमी झाला नाही.

त्या काळात अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राने मला धरून ठेवलं. त्याला गोड शेवट नाही. मित्र आणि जिवलग दूर गेले आणि उरला अंधार; मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच ‘अंधार’. पण सगळी तक्रार देवाशीच बोललेली आहे. हेही ‘देवाकडे वळणं’च ना? आपल्या साक्षींमध्ये (मंडळीत सांगायच्या अनुभवांमध्ये) मात्र फक्त उजेडात संपणाऱ्या गोष्टी चालतात.

जुना वाचक

नाझींना विरोध करणारा जर्मन पाळक बॉनहॉफर एप्रिल १९४३ मध्ये पकडला गेला आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात राहिला. प्रार्थना त्याला कोणी शिकवायला नको होती. तरी ओळखीच्या पहारेकऱ्यांकरवी चोरून तो बेथगे या मित्राला पानंच्या पानं पत्रं लिहीत होता. त्याचं उशिराचं ईशज्ञान (देवाविषयीचं चिंतन) आपल्याला मिळालं ते बरंचसं त्या पत्रांतूनच. देव की मित्र, असा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

पहाटेची घंटा

पडत नसेल, कारण त्याला बेथगे होता. ज्याला कोणीच नाही त्याचं काय, हा माझा मुद्दा तसाच राहतो. प्रेषित पौल बघा: ‘सर्वांनी मला सोडले, परंतु प्रभू माझ्याजवळ उभा राहिला.’

भाकर आणि पाणी

ताई, तोच अध्याय, २ तीमथ्य ४! तिथे पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो: लवकर ये. हिवाळ्यापूर्वी ये. त्रोवस शहरात कार्पाजवळ राहिलेला झगा आण, पुस्तकं आण. आणि मार्काला बरोबर घेऊन ये. हाच मार्क, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात एवढी तेढ झाली की दोघे वेगळे झाले (प्रेषित १५). प्रभू जवळ उभा आहे हे लिहिणारा माणूस त्याच पत्रात झगा मागतोय आणि जुनं भांडण मिटवून माणूस मागतोय.

स्पष्ट बोलतो

आणि मागतोय कसा, ते धागाकर्त्याने बघावं. ‘एकटं वाटतं’ एवढंच सांगितलं तर समोरचा गोंधळतो, मग सुचेल ते वचन देऊन मोकळा होतो. ‘गुरुवारी संध्याकाळी येशील का?’ विचारलं तर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

शेवटचा बाक

‘नाही’ म्हणतील याचीच भीती आहे. तरी विचारतो. त्याच बंधूंना विचारतो, म्हणजे निदान कळेल त्यांच्या अर्ध्या मिनिटात काय होतं.

पहाटेची घंटा

झग्याचं वचन मी किती वेळा वाचलं असेल, पण तिथे थांबले नव्हते कधी. माझं मत मात्र बदललेलं नाही. तीन वाजता देवच. पण पाचला मी उठलेली असते, चहा झालेला असतो, आणि सहापर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसतं. निरोप टाकलात तर उत्तर देईन.

शेवटचा बाक

ताई, पाच फारच लवकर होतात हो. साडेसहा चालेल?