मदत हवी आहे - मराठी विकिपीडियावर संदर्भ कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी, इथे कोणी मराठी विकिपीडियावर नियमित संपादन करतं का? साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीवर नीट लेख करायचाय, धुळपाटीवर (विकीवरच्या सरावाच्या पानावर) कच्चं लिहून झालंय पण गाडी संदर्भांपाशी अडकलीये. विहिरीतला शिलालेख मी स्वतः वाचलाय, फोटोपण आहेत, पण आपण वाचलं म्हणून लिहिलं तर ते 'मूळ संशोधन' धरतात आणि विकीवर ते चालत नाही, बरोबर ना? मग कुठल्या तरी छापील पुस्तकातलंच वाचन द्यावं लागणार का? गावातले लोक सांगतात त्या गोष्टी तर सोडूनच द्या, भारी आहेत पण संदर्भ शून्य.

दुसरं, १८८५ चं सातारा गॅझेटियर (इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) कॉपीराइटमधून सुटलंय, त्यातला मजकूर भाषांतर करून थेट टाकला तर चालेल की आपल्या शब्दांतच लिहायचं? (त्या गोऱ्या साहेबांचा सूर जसाच्या तसा मराठीत आणायला मला तरी नको वाटतं.)

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकीचे फोटो जिथे ठेवतात तिथे) टाकताना लायसन्स कुठलं निवडू तेही सांगा, बाकी कोणी वापरले तरी हरकत नाही, फक्त नाव द्यावं. आणि प्लीज 'मदत पान वाच' नका म्हणू, वाचलंय, डोक्यावरून गेलं 🙏