शाळा १ एप्रिलला सुरू करावी की जूनअखेर? विदर्भातल्या पालकांनी, शिक्षकांनी सांगा

दोन_दप्तरांची_आई (वर्धा)

नमस्कार. आमच्या घरी लेकरं दोन आणि शैक्षणिक वर्षंही दोन. मोठी सीबीएसईला, सातवीत. तिचा नवा वर्ग १ एप्रिलला सुरू होतो. धाकटा राज्य मंडळाच्या शाळेत, तिसरीत. एप्रिलमध्ये त्याची वार्षिक परीक्षा चालू असते. म्हणजे टेबलाच्या एका टोकाला मी ताईच्या कोऱ्या पुस्तकांना कव्हर घालतेय आणि दुसऱ्या टोकाला हा "तिची परीक्षा संपली, माझीच का नाही" म्हणून भोकाड पसरतोय. जूनमध्ये उलटं. ताई दप्तर घेऊन निघाली की हा गादीवर लोळत तिला वाकुल्या दाखवतो.

मार्च २०२५ मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्य मंडळाच्या शाळांनाही सीबीएसई पॅटर्न लावायची घोषणा केली, तेव्हापासून १ एप्रिलची चर्चा थांबलेलीच नाही. निर्णय शासनाचा, पण धाकट्याच्या शाळेने शनिवारच्या सभेत पालकांचं मत मागवलंय. माझा कल एप्रिलकडे आहे. निदान घरात एकच कॅलेंडर लागेल, मामाच्या गावाला एकत्र जाता येईल. पण मुख्याध्यापक नुसतं "बघू" म्हणतात आणि हसतात. त्या हसण्यामागे काय आहे ते शिकवणाऱ्यांनीच सांगावं.

कोथरूडवासी (पुणे)

एप्रिलच. यात विचारण्यासारखं काय आहे? नवरा-बायको दोघं नोकरीला, सुट्टीत मूल घरी म्हणजे मोबाइल आणि पुन्हा मोबाइल. शिवाय सगळ्या देशातल्या परीक्षांच्या तारखा एकीकडे आणि आपली मुलं अजून १५ जूनची वाट बघतायत.

खडू_फळा (यवतमाळ)

ताई, ते हसणं मला ओळखीचं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, गाव मुद्दाम सांगत नाही.

कोथरूडवाले दादा, एप्रिलला आमच्याकडे या एकदा. वर्गावर पत्रे. सकाळी नऊपर्यंत ठीक. दहाला पोरं भिंतीकडून मधे सरकतात, कारण भिंत तापते. अकराला खिडकीजवळच्या बाकाचा लोखंडी दांडा हाताला लागला की पोरगं "स्स्" करतं. आणि शाळेतला हातपंप तोवर नुसती हवा ओकायला लागलेला असतो. खिचडी शिजवायला पाणी आणायचं कुठून, ही त्या महिन्यातली माझी पहिली काळजी. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पोरांना काय यायला हवं ते, वगैरे नंतर.

आणि मोहफुलं. जंगलाला लागून असलेल्या गावांत मार्च-एप्रिलला पहाटे मोह वेचायला घरातले सगळे जातात, लेकरं धरून. सकाळची शाळा साडेसातला भरते तेव्हा निम्मं गाव टोपली घेऊन झाडाखाली असतं. त्यामागून मे महिन्यात तेंदूपत्ता. हे घरचं उत्पन्न आहे, मौज नव्हे. नव्या इयत्तेचा पहिला पाठ मी कोणाला शिकवू?

दुसरं म्हणजे, दिवस वाढत नाहीत, नुसते सरकतात. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, पहिली ते पाचवी २०० दिवस, सहावी ते आठवी २२०. ते एप्रिलपासून मोजा नाहीतर जूनपासून, बेरीज तीच. १ एप्रिलला वर्ग सुरू करायचे म्हणजे परीक्षा आणि निकाल मार्चमध्येच आटपायचे. मग तीन-चार आठवडे नवं शिकवायचं, मधे लांबलचक सुट्टी, आणि जूनअखेर "मागे काय झालं होतं रे?" असं विचारत पुन्हा पहिल्या पानावर. २०२५ ला परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ठेवल्या आणि १ मेला निकाल लावा म्हणाले. पाच दिवसांत पेपर तपासा, गुणपत्रकं भरा, ऑनलाइन चढवा. तेव्हा आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका बाईंनी लग्नाच्या मांडवात पेपर तपासले. खोटं नाही सांगत.

विदर्भाला उशिरा उघडायची सवलत उगाच नाही. २०२४ ला बाकी राज्य १५ जूनला, आम्ही १ जुलैला. २०२५ ला बाकी १६ जून, आम्ही २३. त्या वर्षी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला म्हणून सगळीकडे बातम्या, आणि इकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही कूलरमध्ये पाणी ओततोय.

कोथरूडवासी (पुणे)

मग पत्रे बदला, पाण्याची सोय करा. तारीख कशाला बदलायची नाही?

खडू_फळा (यवतमाळ)

आधी पत्रे बदला, मग तारीख बदला. हाच क्रम ठेवा एवढंच म्हणणं आहे. दर वेळी उलटं होतं.

तळकोकणी (सिंधुदुर्ग)

तुमचं ऊन, आमचा पाऊस. १५ जून म्हणजे आमच्याकडे ऐन धो-धो. वाडीतली पोरं साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून येतात. वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की बाई निम्मा वर्ग दुपारीच घरी सोडतात, कारण संध्याकाळी सुटेपर्यंत साकव दिसेल याची खात्री नाही. नवी पुस्तकं पहिल्या आठवड्यातच भिजून फुगतात. मला विचाराल तर तळकोकणात एप्रिल सोसतो. घाम येतो, पण जीव जात नाही.

गंमत म्हणजे केरळात शाळा १ जूनच्या सुमारास, म्हणजे पावसाबरोबरच उघडतात, आणि तिथले शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी यांनी २०२५ मध्ये उलटाच विषय काढला होता: एप्रिल-मेची सुट्टी जून-जुलैत न्यावी का? तिथेही लोक दोन्ही बाजूंनी भांडले. आणि हो, गणपतीच्या सुट्टीला मात्र कोणी हात लावायचा नाही. दिवाळीतले दिवस घ्या हवे तर.

ऊसपट्ट्यातला_गुरुजी (बीड)

खडू_फळा सरांशी निम्मा सहमत. आमच्याकडे मोह नाही, ऊस आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीचशी आईबापाबरोबर कारखान्यावर जातात. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून हातात शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडे कोणत्या शाळेत बसली, बसली की नाही, देव जाणे. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात.

आता १ एप्रिलला नवं वर्ष धरलं तर काय होईल? पोरगी चौथीचं अर्धं वर्ष गेल्यावर गाव सोडून गेली, परत आली तर थेट पाचवीच्या बाकावर. भागाकार राहिला तो राहिलाच. म्हणून मी म्हणतो, एप्रिल शिकवण्यासाठी हवाच, पण जुन्या इयत्तेचा. सकाळी सात ते दहा, परतलेल्या मुलांना घेऊन बसायचं, राहिलेलं भरून काढायचं. नवीन वर्ग जूनमध्ये. पुण्यातल्या मुलाला एप्रिल सुट्टीआधीचा जादा महिना वाटतो. माझ्या वर्गातल्या निम्म्यांना तोच काय तो महिना मिळतो.

दोन_दप्तरांची_आई (वर्धा)

गुरुजी, ऊसतोडीचं मी या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. कॅलेंडर एक व्हावं हा माझा हट्ट घरापुरता आहे, तो बाजूला ठेवते. आमच्या शाळेचाही वरचा मजला पत्र्याचा आहे आणि तिसरी वरच बसते. मग शनिवारी नेमकं काय मागावं? तारखेवर हात वर करायला सांगतील, त्याआधी काहीतरी ठोस बोलायचंय.

खडू_फळा (यवतमाळ)

तीन गोष्टी लेखी मागा, तोंडी नको. १५ मार्चपासून शाळा सकाळची आणि लहान वर्ग खालच्या मजल्यावर. एप्रिल ते जून पिण्याच्या पाण्याचा टँकर कोण आणणार, त्याचं नाव इतिवृत्तात. आणि पुस्तकं: मोफत पुस्तकं जूनमध्ये पहिल्या दिवशी वाटतात, मग १ एप्रिलला वर्ग भरला तर पोरांच्या हातात काय असणार, हे मुख्याध्यापकांना उभं करून विचारा. हसणं थांबेल.

तळकोकणी (सिंधुदुर्ग)

ताई, सभेत काय झालं ते इथे टाका. आमची सभा पुढच्या महिन्यात आहे, साकवाचा मुद्दा मी लेखीच देतो.