'गुरखा' म्हणजे नक्की कोण?

झुणकाभाकर: सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, "नवीन गुरखा ठेवलाय, बिहारचा आहे, रात्री ११ नंतर गेट तोच उघडेल." आता बिहारचा माणूस गुरखा कसा काय? मराठीत हा शब्द जातीचा, देशाचा की नोकरीचा? जाणकारांनी प्रकाश टाका.

पोस्टमन: मुळात गावाचा. काठमांडूच्या पश्चिमेला गोरखा म्हणून डोंगरातलं गाव आहे, जिल्हाही त्याच नावाचा. नाव गोरखनाथांवरून पडलं असं मानतात, म्हणजे आपल्या नवनाथांतले गोरक्षनाथच. तिथल्या पृथ्वीनारायण शाहनं १७६८ मध्ये काठमांडू घेतलं नि आजचा नेपाळ उभा राहिला. पुढे १८१४-१६ च्या लढाईत इंग्रजांनी या लोकांचं लढणं बघितलं आणि लढाई संपायच्या आत, १८१५ लाच, त्यांना आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली. १९४७ ला दहापैकी ६ रेजिमेंट आपल्याकडे राहिल्या, ४ ब्रिटनकडे गेल्या. भरती जास्त करून मगर, गुरुंग, राई, लिंबू या नेपाळी जमातींची, त्यातले कित्येक गोरखा गावाला आयुष्यात गेले नसतील.

मिरगाचा_पाऊस: म्हणजे गाव, मग पलटण, मग वॉचमन. शेवटचं प्रमोशन आपण दिलं :) त्यात सिनेमाचा हात मोठा. टोपी, शिट्टी, काठी आणि "शलाम शाब" एवढं झालं की नेपाळी माणूस तयार. गंमत म्हणजे नेपाळीत श, ष, स लिहितात तिन्ही पण बोलताना तिन्हींचा साधारण 'स'च होतो, त्यामुळे खरा नेपाळी चुकलाच तर 'शहर'चं 'सहर' करेल, 'साब'चं 'शाब' कशाला करतोय! कुणीतरी बंगाली हेल उचलला नि त्याला चिकटवला, आणि आपण इतकी वर्षं हसतोय.

झुणकाभाकर: भारीच. आणि बहादूर? आमच्या आधीच्या वॉचमनला सगळे बहादूरच म्हणायचे, खरं नाव कुणाला माहीत नव्हतं.

पोस्टमन: नेपाळात ते पुरुषांच्या नावात मधे येतं. शेर बहादूर देउबा पंतप्रधान होते की. शब्द फारसीतून आलेला, आपला 'बहाद्दर' तोच.

टग्या२: उगाच किस पाडताय. सिनेमात सगळ्यांचीच चेष्टा असते, हिंदीत मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर भांडीवाली बाई. हसायचं नि सोडून द्यायचं.

मिरगाचा_पाऊस: आपण सोडतो का पण? हवालदारावरून इथेच दीडशे प्रतिसादांचा धागा पेटला होता, त्यात तुम्हीच आघाडीवर होतात. आणि आपल्याकडे निदान मराठी सिनेमा आहे उत्तर द्यायला. तिकडे आपले पिक्चर घरोघरी बघितले जातात नि त्यात स्वतःचं माणूस दिसतं ते गेटवर. २००० च्या डिसेंबरात हृतिक रोशन नेपाळबद्दल काहीतरी वाईट बोलला अशी नुसती अफवा उठली, त्यानं नाही म्हणून सांगितलं तरी काठमांडूत दंगल होऊन माणसं मेली. एका अफवेवर एवढं पेटत नाही, आधीचं साचलेलं असणार.

नाखवा: आमच्याकडे रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखायला नेपाळीच असतात, बोटीवर खलाशीपण तेच, आणि गावात सरसकट 'गुरखे' म्हणतात. फवारणी, आंबे उतरवणं, पेट्या भरणं सगळं करतात हो, राखण हे त्यातलं एक काम. आमच्या बागेत कैलाली जिल्ह्यातलं एक कुटुंब आहे. त्याला मी विचारलं गुरखा म्हटलं तर राग येतो का, तर म्हणाला राग कसला, पण हम थारू है, तराईवाले, गोरखा तो पहाडवाले. थारू ही तिकडची एक जमात, तराई म्हणजे नेपाळचा सपाट पट्टा. म्हणजे ज्याला डोंगर माहीत नाही त्याला आपण हिमालयातनं उतरवलाय.

पोस्टमन: नाखवा, मस्त. यावरून आठवलं, नेपाळात परमुलखात नोकरीला गेलेल्याला 'लाहुरे' म्हणतात. पूर्वी रणजितसिंगाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचे, त्यावरून. आता आखातात गेलेलाही लाहुरेच.

नाखवा: म्हणजे आमचा चाकरमानी!