विषय: लॉन मोवर चालू होते आणि लगेच बंद पडते

नमस्कार मंडळी,
आम्ही अमेरिकेहून परत नागपूरला आलो तरी या मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही म्हणून इथेच विचारतो, कारण आमच्या लेआउटमध्ये पेट्रोलची मोवर फक्त आमच्याकडे आहे, बाकी सगळे माळी लावतात. पाऊस सुरू झाला, हरळी माजली, म्हणून मशीन बाहेर काढली. दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू होते, अर्धा-एक मिनिट चालते आणि भुकभुक करून बंद पडून राहिली आहे. नवा प्लग टाकला, फरक शून्य. स्कूटरचा मेकॅनिक म्हणे इंजिन खोलावं लागेल. खोलू देऊ का?
– प्रतापनगरवाला

रे:
दादा, अजिबात नाही! सुरू होते म्हणजे स्पार्क आहे, प्लगचे पैसे उगाच गेले. बंद पडते यापेक्षा कधी बंद पडते ते सांगा. चांगली तापल्यावर बंद पडून गार होईपर्यंत घेतच नसेल तर इग्निशन कॉइलवर (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) संशय. पाच-दहा मिनिटांनी जात असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून चालवा, झाकणातलं हवेचं भोक बुजलं की आत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल खाली उतरतच नाही. आणि चोकवर असताना चालते का? पेट्रोल कधीचं आहे?
– ओहायोची ताई

रे: रे:
ताई, चोक आहे तोवर चालते, चोक काढला की खेळ खल्लास. झाकण सैल केलं, तेच. पेट्रोल दिवाळीच्या आधीचं, अख्खा उन्हाळा गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये होतं.

रे: रे: रे:
अहो, नागपूरचा मे, 45 डिग्री, वर टिन, त्या पेट्रोलमध्ये उरलं काय असणार! हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते, ती मेन जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, बसते. चोक हवा कमी करतो म्हणून अर्धवट बुजलेल्या जेटमधून येणारं थोडंसं पेट्रोलही पुरतं, चोक काढला की हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन मरतं. त्यात तुमच्याकडे आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मोवरच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक 10 पर्यंतच चालेल म्हटलेलं असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल खेचतं. तर कार्बोरेटरच खोला, पण आधी प्लगची टोपी काढून ठेवा, पातं कधी फिरेल सांगता येत नाही. मशीन आडवी करायची झाली तर एअर फिल्टरची बाजू वर, नाहीतर इंजिनचं ऑइल त्या एअर फिल्टरमध्ये शिरतं. कार्बोरेटरची खालची वाटी एका बोल्टवर असते, काही मॉडेलमध्ये तो बोल्टच जेट असतो, त्याला केसाएवढी भोकं असतात. वायरमधली तांब्याची एक तार आणि कार्ब क्लीनरचा स्प्रे, बस. सुई नको, भोक मोठं झालं तर मग मशीन कितीही पेट्रोल पिईल.

रे: रे: रे: रे:
ताईंना अनुमोदन. फक्त स्कूटरवाल्याचा नाद सोडा राजेहो, पेट्रोलचे फवारणी पंप दुरुस्त करणारा गाठा, असली छोटी इंजिनं त्याच्या रोज हाताखालची, आणि विदर्भात त्यांना काय तोटा. एअर फिल्टरचा फोम असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. आणि पावसात भिजलेलं गवत कापू नका, पात्याखाली गोळा बसतो, मग नवी मशीनसुद्धा दम टाकते.
– फिनिक्सवाले काका

रे: रे: रे: रे: रे:
ताई, काका, वाटी उघडली तर तळाशी जुन्या मधासारखा पिवळा चिकट थर आणि त्यावर पाण्याचे थेंब वेगळेच लोळत होते. बोल्ट उजेडात धरला तर एका भोकातून आरपार दिसत होतं, दुसरं ठार बंद. तार घातली, स्प्रे मारला, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. आता चोक काढूनही चालते! पण रेस आपोआप वर-खाली होऊन राहिली आहे, हुंऽऽ हुंऽऽ करते, गवतात घातली की कमी होतं.

रे: रे: रे: रे: रे: रे:
म्हणजे अजून थोडी लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आडवी, बारीक भोकं राहिली असतील, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं गॅस्केट नीट बसलं नसेल. चालू असताना हात लावू नका, बंद करून, गार झाली की तिथले बोल्ट तपासा, मग पुन्हा स्प्रे. आणि यंदा काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, तेव्हा ते बंद पडणं बरोबर!